गाठींचा रोकडा व्यवहार

सोयाबीन किंवा तूर घेतली की जमिनीला नत्र फुकटात मिळतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. नत्र मिळतो हे खरे, पण त्याची किंमत कुणीतरी मोजतेच. हवेत ७८ टक्के नत्र आहे. मात्र त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला खत कारखान्यात चारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम हा जिवाणू हेच काम शेतातल्या मातीत, पिकाच्या मुळांवरच्या गाठींत करतो. तरीही नत्राच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहकाचे निदान सोळा रेणू खर्ची पडतात, आणि ही ऊर्जा येते पिकाने पानांत तयार केलेल्या साखरेतून. दाण्यात जाऊ शकली असती अशी साखर मुळांकडे वळते.

पीक हा खर्च डोळे झाकून करत नाही. मुळे विशिष्ट रसायने सोडून जिवाणूला बोलावतात, त्याच्या उलट संकेताने मूलरोम वाकतो आणि जिवाणू आत शिरून गाठ धरते. नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लालसर प्रथिन प्राणवायू बेताने पुरवते. सोयाबीनचे झाड उपटण्याऐवजी फुलोऱ्याच्या सुमारास खोदून काढावे आणि गाठ नखाने चिरावी: आत गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे, पांढरी वा हिरवट असेल तर नाही. अशा कामचुकार गाठींना पीक पोसतही नाही. २००३ मध्ये संशोधक टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्रच काढून घेतला. तेव्हा सोयाबीनने त्या गाठींचा प्राणवायू तोडला आणि त्यांतल्या जिवाणूंची वाढ खुंटली. युरिया भरपूर टाकला तरी पीक असाच हात आखडता घेते. आयता नत्र हाती असताना पीक गाठी कमीच धरते.

यावर शेतकरी म्हणेल, तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली येते हे आम्ही पिढ्यानपिढ्या पाहतोय. बरोबर आहे, पण ते श्रेय बरेचसे शेतात गळलेल्या पानांचे आणि कुजणाऱ्या मुळांचे. सोयाबीनचा बहुतेक नत्र दाण्यातल्या प्रथिनांतून बाजारात जातो, आणि भुसकटही उचलले तर जमिनीच्या खात्यात उणेच पडू शकते. म्हणजे बेवड कसा, हे पिकाच्या नावावरून ठरत नाही. मागे काय राहिले यावर ठरते.

दुसरा आक्षेप जिवाणू खताच्या पाकिटांचा. मग बियाण्याला रायझोबियम चोळायचे कशाला? कारण सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालत नाही. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनच्या कामाचे नाही, आणि सोयाबीन प्रथमच घेतलेल्या रानात त्याचा जिवाणू असेलच असे नाही. ब्राझीलने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांच्या आग्रहाने याच वाटेने सोयाबीन जवळजवळ नत्रखताविना पिकवले. गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून चोळलेले बियाणे सावलीत सुकवण्याचा आग्रहही ते जिवंत राहावेत म्हणूनच. उन्हात हे जिवाणू मरतात. ज्वारीसाठी विकल्या जाणाऱ्या ॲझोटोबॅक्टरला मात्र हाच न्याय लावता येत नाही. तो मातीत मोकळा राहतो. पिकाकडून त्याला गाठीसारखा थेट साखरेचा पुरवठा नाही, आणि त्याने बांधलेला नत्र बहुतांशी तो मेल्यावर, कुजल्यावरच मुळांना मिळतो. मुळांच्या वाढीला तो हातभार लावत असेल. पण त्याच्या भरवशावर युरियाची गोणी निम्मी करायची, तर आधी शेजारच्या चार ओळी त्याच्याविना पेरून पाहाव्यात.