नेट गेलं तर फाइल कुठे?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात सातबारा, पीक विम्याची पावती, बागेचे फोटो असं बरंच काही आता मोबाइलमध्येच असतं. मोबाइल हरवला तरी कागद वाचावेत, यासाठी क्लाउड. ड्रॉपबॉक्स 2008 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, गुगल ड्राइव्ह 2012 मध्ये आलं, सरकारी डिजिलॉकर 2015 मध्ये. गुगलची 15 जीबी जागा फुकट; पण जीमेल आणि 1 जून 2021 पासूनचे नवे फोटोही त्यातच मोजले जातात.

सिंकला, म्हणजे सगळ्या उपकरणांवर फाइल आपोआप सारखी ठेवण्याला, बॅकअप मात्र समजू नका. मोबाइलवरून पुसलेली फाइल लॅपटॉपवरूनही जाते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते, मग कायमची गेली. दुसरी अडचण दोन प्रतींची. समजा, धुळ्यातल्या एका दुकानदाराने उधारीची फाइल नेट बंद असताना दुकानातही बदलली आणि घरीही. नेट येताच ड्रॉपबॉक्स दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवतं, एकीवर ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असा शिक्का मारून. कुठले आकडे खरे, हे त्यालाच ताडून पाहावं लागतं.

यावरचा उतारा सीआरडीटी: 2011 मध्ये मार्क शपिरो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या रचनेत दोन्हीकडचे बदल आपोआप एकत्र होतात. ‘लोकल-फर्स्ट’ विचार त्यावरच उभा आहे. मूळ फाइल आपल्याच उपकरणावर, क्लाउड फक्त पोहोचवणारा. सिंकथिंग हे मोफत सॉफ्टवेअर तर आजही घरच्या वायफायवर, इंटरनेटशिवाय, दोन उपकरणं थेट जोडतं. जिथे रेंज येते-जाते, त्या गावांना हीच वाट सोयीची आहे. ती अंगवळणी पडेपर्यंत खरेदीखताची एक प्रत पेनड्राइव्हवर जरूर ठेवा.