पायावर साडेआठ, तांब्यावर शून्य

दौंडला इन्व्हर्टर दुरुस्तीला नेला, तेव्हा दुकानदारानं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि निकाल दिला, "बोर्डच बदलावा लागेल." बिघडलंय काय, असं विचारलं तर त्याला रागच आला. बोर्ड बदलणं म्हणजेच दुरुस्ती, असं हल्ली ठरूनच गेलंय. शिरूर तालुक्यात पाबळला मुलं स्वतः जोडलेल्या सर्किटमधला बिघाड स्वतःच शोधतात, असं कानावर आलं होतं. म्हणून गेलो.

डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचं, हा तिथला शिरस्ता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं २००२ मध्ये इथं उभी राहिलेली फॅब लॅब जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. तिथली यंत्रं पाहण्यासारखी आहेत खरी, पण मी अडकलो ते एका टेबलापाशी. वितळलेल्या राळेचा वास तिथून हलू देत नव्हता.

टेबलावर पाण्याच्या टाकीचा अलार्म होता. नऊ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, बझर आणि पाण्यात सोडायच्या दोन तारा. टाकी भरली की पाण्यातून चिमूटभर करंट ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळतो आणि बझर ओरडतो. कान्हूर मेसाईकडच्या मुलीनं सगळं नीट जोडलं होतं. तारा पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या, तर बझर गप्प.

"ट्रान्झिस्टर उडाला, सर. दुसरा द्या."

सर काही दुसरा देईनात. "दहातल्या आठ सर्किटांत पार्ट चांगला असतो, डाग कच्चा असतो," ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले. ते हात मागे बांधणं मला फार आवडलं. चार सेकंदांत त्यांनी दाखवून दिलं असतं.

मुलीनं मल्टिमीटर घेतला. बॅटरी ठीक. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू चित्राप्रमाणे. रेझिस्टरचे पट्टे बरोबर. मग मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला धरून लाल तार बेसला लावली. ट्रान्झिस्टर चालू असता तर तिथं ०.७ व्होल्टच्या आसपास दिसलं असतं. दिसले जवळजवळ नऊ.

"बघा, उडालाच की!"

"उडाला असेल. नाहीतर बेसमधून निघालेल्या करंटला पुढं वाट नसेल. एमिटरचा पाय बघ."

तिनं पायाला तार टेकवली. साडेआठच्या जवळ. पायाखालच्या तांब्याला टेकवली. शून्य. पाय आणि तांबं यांच्यामध्ये दिसायला गोल गरगरीत डाग होता. भिंग घेतल्यावर पायाभोवती केसाएवढी रेघ दिसली. बोटानं पाय दाबला की बझर वाजे, सोडला की बंद.

कल्हईवाला आधी भांडं तापवतो, मग कथील फिरवतो. हिनं उलट केलं होतं: सोल्डर वायर थेट गनच्या टोकावर वितळवून थेंब खाली टाकला होता. तांबं गारच राहिलं. आता तिनं गनचं टोक पाय आणि तांबं दोन्हींना एकदम टेकवलं, दोनतीन सेकंद थांबली, मग वायर लावली. थेंब पसरला, पायाच्या कडेनं चढला, चकाकला. बझर असा ओरडला की शेजारच्या टेबलावरची मुलंही वळली.

दहातल्या आठ हा आकडा सरांनी नंतरही दोनदा ऐकवला. कुणी मोजलेला नसणार. पण बोर्डच बदला म्हणणाऱ्यापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. रांजणगावच्या कारखान्यांत नोकरी लागावी म्हणून मुलं काय काय शिकतात. तिथं ही चिकाटी कुणी विचारेल का, ही शंका मला आहेच.

मुलगी मात्र खूश नव्हती. भीमेच्या, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या दौंडकडे टाकी भरून वाहत असेल. तिच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. "सर, भरल्यावर वाजून काय करू? रिकामी व्हायला लागली की वाजायला पाहिजे."

त्यासाठी आणखी एक ट्रान्झिस्टर लागतो. पाणी असेतोवर पहिल्यानं दुसऱ्याला दाबून ठेवायचं. सरांनी या वेळी डबीतून लगेच काढून दिला. "पण मग पाणी असेल तोवर बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहील," ते म्हणाले. "किती, ते आधी काढ." तिनं वही ओढली आणि दहा किलो-ओहमला नऊ व्होल्टचं गणित मांडायला घेतलं.