वाट चुकलेला खडा

आमची आत्या पुंडलिकनगरात राहते. वय चौऱ्याहत्तर. दुखणे अंगावर काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. उन्हाळ्यात एका रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. "आत्या, पित्त खवळलंय," असे म्हणून मीच तिला ओवा दिला. सकाळी कळ थांबली आणि आत्या भाकरी थापायला बसली. संध्याकाळी पुन्हा तेच. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी उलटीला घाण वास येऊ लागला, पोट नगाऱ्यासारखे फुगले, वारा सरेना. तेव्हा कुठे आम्ही रिक्षा बोलावली.

एक्स-रेत लहान आतडे फुगलेले दिसले. पण हर्निया नाही, पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही. मग अडले कशाने? उत्तर सीटी स्कॅनने दिले. आतड्यात खडा आणि पित्तनलिकांत हवा! फुगलेले आतडे, ही हवा आणि जागा सोडलेला खडा, हे त्रिकूट रिगलर यांनी १९४१ साली मांडले. दुखणे मात्र त्याहून जुने. डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६५४ मध्येच त्याची नोंद केली होती.

सर्जन म्हणाले, पित्ताशयातला मोठा खडा वर्षानुवर्षे भिंत झिजवतो, शेजारच्या आतड्याला भोक पाडून आत उतरतो. अडीच सेंटिमीटरहून मोठा असला, तर बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. वाटेत तो थांबतो, सुटतो, पुन्हा थांबतो. म्हणून कळा येतात, जातात. आणि आम्हाला वाटले, ओवा लागू पडला!

आधी सलाइन लावून अंगातले पाणी भरून काढले, नाकातून नळी घालून पोट रिकामे केले. मग आतडे उघडून खडा काढला आणि टाके घातले. पित्ताशयाला हात लावला नाही. "या वयात एका दमात सगळे नको," असे सर्जनांचे म्हणणे.

आत्या बरी झाली. बाटलीतला खडा पाहून म्हणाली, "एवढासा मेला, पण उठवलंच होतं की रे मला!"

सारे हसले. मला हसू आले नाही. दहा वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीच्या कागदावर हा खडा नोंदलेला होता. त्रास नाही म्हणून तो कागद कपाटात गेला, आणि त्या रात्री मला त्याची आठवणही झाली नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने रिपोर्ट हाताशी ठेवा. आणि उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे, वारा सरत नाही, अशा वेळी ओव्याचा डबा शोधू नका.