समुद्र आणि आपण (भाग 6) : दुधाच्या पिशवीचा कोपरा

मागच्या भागात आपण भरती-ओहोटी, उधाण आणि भांग यांचं गणित पाहिलं. त्याच भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या ओढीवर कोळ्यांची डोल चालते. हे पिशवीसारखं लांबलचक जाळं पाण्याच्या वाटेत तोंड करून लावतात आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, जवळा, करंदी त्याच्या शेवटच्या टोकात, म्हणजे खोल्यात, साठतात. पण डोलीला निवड करता येत नाही. पाणी जे आणेल ते ती पोटात घेते. मुंबईच्या किनाऱ्यावर खोला बोटीत मोकळा केला की बोंबलांच्या ढिगातून कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप निघतात. ते उचलून बाजूला टाकता येतात. जवळ्यात मिसळलेला दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा मात्र नखाएवढा असतो. जवळा निवडायला बसलेल्या बाईला तो एकेक करून वेचावा लागतो.

हा कोपरा इथवर आला कसा? त्याच्या वाटेनं उलटं चालत गेलं की समुद्राच्या प्रदूषणाची बहुतेक कारणं भेटतात.

सकाळी पिशवी कापली, कोपरा ओट्यावरून मोरीत किंवा केरात गेला, तिथून गटारात, गटारातून नाल्यात. मुंबईत अशा कित्येक नाल्यांचं पाणी मिठीत येतं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी ही नदी सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. उन्हाळाभर नाल्यात साचलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात एकदम समुद्रात जातो आणि उधाण आलं की त्यातला काही दादर, जुहू, मरीन ड्राइव्हवर परत येऊन पडतो. जगाचा हिशेबही असाच आहे. 2010 या एका वर्षात किनारी देशांतून 48 लाख ते 127 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा अंदाज 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. हे प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटा त्याचा चुरा करतात. पाच मिलिमीटरहून लहान कण म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक. पाणी गाळून पोट भरणाऱ्या कालवांच्या आणि शिणाण्यांच्या शरीरात ते सहज शिरतं.

कोपऱ्याच्या सोबतीला नाल्यात सांडपाणी असतंच. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. सांडपाण्यातल्या आणि शेतातून वाहून आलेल्या खतातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. ते मरून कुजलं की उरलासुरला प्राणवायूही संपतो. मग मासे तिथून निघून जातात, नाहीतर गुदमरतात. मुंबईत वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी बोगद्यांतून तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडलं जातं. अंतर वाढलं म्हणून पाणी शुद्ध होत नाही. ते फक्त आपल्या नाकापासून दूर जातं.

उरलेली कारणं समुद्रावरचीच. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं आणि मासेमारी बंद ठेवावी लागली. खारफुटीवर अशा तेलाचा काय परिणाम होतो, ते पुढच्या भागात पाहू. तुटून वाहवलेली नायलॉनची जाळी तर मालक नसतानाही मासे आणि कासवं मारत राहतात.

उपाय याच वाटेवर शोधायचे. समुद्रात पसरलेला कण गोळा करणं जवळजवळ अशक्य, नाल्याच्या तोंडाशी कचरा अडवणं शक्य आणि घरातच थांबवणं सगळ्यात सोपं. सांडपाण्यासाठी मुंबईत सात ठिकाणी रोज 246 कोटी लिटर शुद्ध करू शकतील अशी केंद्रं उभारण्याच्या कामाचं भूमिपूजन जानेवारी 2023 मध्ये झालं. ती वेळेत उभी राहून पूर्ण क्षमतेनं चालतात की नाही, यावर नागरिकांनी नजर ठेवली पाहिजे. मच्छीमार तर आपला वाटा उचलतातच. केरळमध्ये कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरातल्या मच्छीमारांनी 2017 पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली. त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात वापरला गेला. जाळं कापून कासवासारख्या संरक्षित प्राण्याला सोडून देणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रानं डिसेंबर 2018 मध्ये आणली. वर्सोव्यात ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला घेतला, शेकडो हात जोडले गेले आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. समुद्राला आपण संधी दिली तर तो सावरतो, याचा हा डोळ्यांनी दिसलेला पुरावा.

पण वर्सोव्याची वाळू पुन्हा पुन्हा झाडावी लागते, कारण वरून येणारा ओघ थांबलेला नाही. तो आपल्या ओट्यावरून सुरू होतो. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, सुटा कोपरा कुणीच घेत नाही. म्हणून उद्या सकाळी पिशवीला नुसती चीर द्या, कोपरा तिलाच लागून राहू द्या. मग ती धुऊन, वाळवून भंगारात द्या. जवळा निवडणाऱ्या त्या बाईच्या पाटीतला एक तुकडा तरी तुमच्या घरचा नसेल.