सतरा मिनिटं आणि एक टँकर: सर्व्हरचं घड्याळ चुकतं तेव्हा

हा भाग आधी बोललेला आहे, म्हणून कमांडही मी उच्चारल्या तशाच खाली लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.

विरार लोकलने जाणाऱ्याला मिनिटाची किंमत सांगायला नको. आपल्याकडे गाडीची वेळ हेच गाडीचं नाव. पण इथेच वसई-विरारमध्ये, आमच्या सोसायटीत, मिनिटांच्या घोळापायी वॉचमनकाकांची नोकरी जायची वेळ आली होती.

झालं असं. पाणी कमी पडलं की आम्ही टँकर मागवतो. टँकर आला की काका वहीत वेळ लिहितात. एका दिवशीची नोंद होती पहाटे ५:४०. कमिटीने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, ५:४० पासून दहा मिनिटं पाहिलं. गेट रिकामं! झालं, खोटी नोंद करून पैसे खाल्ले असं ठरलं. काका सांगत होते, "साहेब, मी मोबाइल बघूनच लिहितो." पण माणसापेक्षा कॅमेऱ्यावर विश्वास बसतो ना.

हे रेकॉर्डिंग एका जुन्या लिनक्स पीसीवर साठतं. तो बसवला मीच. त्यामुळे झोप माझीही उडाली.

पहिलं काम केलं ते म्हणजे 'डेट' कमांड दिली आणि शेजारी मोबाइल धरला. पीसी सतरा मिनिटं मागे! मोबाइल आणि स्क्रीन एकत्र दिसतील असा फोटो काढला. हे विसरू नका. घड्याळ आधी दुरुस्त केलंत तर ते किती चुकलं होतं याचा पुरावाच जातो.

आता फरक कसला आहे ते बघायचं. बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर बहुतेक वेळा टाइमझोनचा घोटाळा असतो. पूर्वी मुंबई 'बॉम्बे टाइम' पाळायची, तेव्हा ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची, पण तो फरक रोज तेवढाच. आमचा तसा नव्हता. तीन महिन्यांपूर्वीच्या टँकरच्या नोंदी रेकॉर्डिंगशी ताडल्या, तर तिथे फरक चौदा मिनिटांचा निघाला. म्हणजे महिन्याला एक मिनिट, रोज साधारण दोन सेकंद. साध्या पीसीचं घड्याळ एवढं सहज सरकतं. म्हणूनच ते नेटवर्कवरून जुळवत राहावं लागतं, आणि ते काम करते एनटीपी सेवा.

सेवा चालू आहे का पाहिलं. चालू! कॉन्फिग फाइलही ठीक. इथेच आपण फसतो, कारण सेवा चालू असणं वेगळं आणि वेळ जुळणं वेगळं. खरं उत्तर 'एनटीपीक्यू, स्पेस, डॅश पी एन' ही कमांड देते. त्यातला 'रीच' नावाचा रकाना बघा. सर्व्हरला शेवटच्या आठ वेळा विचारलं, त्यांपैकी कितींदा उत्तर आलं, ते तिथे दिसतं. आठही आली तर ३७७, कारण हा आकडा अष्टमान पद्धतीत लिहिलेला असतो. आमच्याकडे प्रत्येक ओळीत शून्य.

मग 'टीसीपीडम्प'ने पोर्ट १२३ वर नजर ठेवली. एनटीपी यूडीपीच्या याच पोर्टवर बोलतं. प्रश्न बाहेर जात होते, उत्तर एकही नाही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाकून तोच सर्व्हर विचारला, लगेच उत्तर आलं. म्हणजे अडवणूक राउटरवर. आठवलं, राउटर बदलून सतरा महिने झाले होते! नव्याच्या फायरवॉलमध्ये हे पोर्ट बंदच होतं.

पोर्ट उघडलं, सेवा पुन्हा सुरू केली, आणि थोड्याच वेळात ती आपोआप बंद पडली. लॉगमध्ये कारण होतं: फरक हजार सेकंदांपेक्षा जास्त आहे, घड्याळ हाताने लावा. सतरा मिनिटं म्हणजे १,०२० सेकंद. एवढा फरक दिसला की एनटीपीडी कुठल्याही सर्व्हरवर आंधळा विश्वास ठेवत नाही, सरळ बाहेर पडतं. सुरुवातीला एकदाच मोठी उडी मारायची परवानगी द्यायला 'डॅश जी' हा पर्याय लागतो. तो मी बसवतानाच दिला नव्हता. चूक माझी. तुमच्याकडे क्रोनी असेल तर तिथे हेच काम 'मेकस्टेप' ही ओळ करते.

पर्याय जोडला. काही मिनिटांत रीच ३७७, फरक मिलिसेकंदांवर. शेवटी 'एचडब्ल्यूक्लॉक, स्पेस, डॅश डब्ल्यू' देऊन तीच वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही लिहिली. आपल्याकडे लाइट जाते, पीसी पुन्हा सुरू होताना पहिली वेळ तिथूनच घेतो. तिथला बटणासारखा सेल जुना असेल तर तोही बदला.

सर्व्हर कुठले घ्यायचे? भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते. तिचा सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी', आणि एनआयसीचा 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन'. सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना याच दोन संस्थांच्या वेळेशी जुळवून घ्यायला सांगितलं. कारण आमच्या वहीसारखंच आहे: दोन ठिकाणच्या नोंदी ताडायच्या तर घड्याळ एक हवं.

फोटो घेऊन कमिटीसमोर बसलो. रेकॉर्डिंग ५:२३ ला लावलं. टँकर गेटमधून आत येताना स्वच्छ दिसला. काका काहीच बोलले नाहीत. वही मिटली आणि गेटवर गेले. त्यांची माफी कमिटीने मागायची होती, आणि त्याआधी मी. मी मागितली.

तेव्हा मंडळी, हे वाचून झालं की तुमच्या सर्व्हरचा रीच बघा. शून्य असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा. भेटू पुढच्या भागात.