चौघांचा स्क्वॉड, चार घरांचा निर्णय

लेझीमचा सराव थांबला की पोरं कट्ट्यावर टेकतात आणि खिशातले मोबाइल आडवे होतात. "नॉक झालो, रिव्हाइव्ह दे की!" "थांब, ग्लू वॉल टाकतो." सोलापूरची शुक्रवार पेठ ही मानाच्या आजोबा गणपतीची पेठ. इथल्या उत्सवाची परंपरा १८८५ पर्यंत मागे जाते आणि सोलापुरातली लेझीम बघायला लोक लांबून येतात. तीच पोरं, तोच चौक. दहा मिनिटांच्या विश्रांतीत एक अख्खी लढाई उरकते. कडेला उभ्या असलेल्या एका आईनं मला विचारलं, "कायदा झालाय की आता. बंद झाले ना हे गेम?"

नाही झाले. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी आहे. बंदुकीच्या खेळांना त्यानं हात लावलेला नाही. ई-स्पोर्ट्सला तर त्यात प्रोत्साहन आहे. याआधीचा इतिहासही तोच. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल गेलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. दोन्ही वेळा केंद्रानं कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि माहितीच्या चोरीचं. मुलांच्या मनाचा त्यात विचार नव्हता. पबजी २०२१ मध्ये बीजीएमआय होऊन परतलं, फ्री फायरचं 'मॅक्स' रूप चालूच राहिलं. दिल्लीकडे बघत बसलेल्या पालकांनी एवढं समजून घ्यावं, की हा प्रश्न दिल्लीनं अजून हातातच घेतलेला नाही.

बीजीएमआयनं रक्ताचा रंग हिरवा केला, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, पालकांचा मोबाइल नंबर मागितला. ऐकायला बरं वाटतं. पण मूल "मी अठरा वर्षांचा" म्हणून बटण दाबतं, तिथं ही सगळी तटबंदी संपते. आणि तीन तास म्हणजे शाळकरी मुलाची अख्खी संध्याकाळ. ही मर्यादा मला तरी मर्यादा वाटत नाही.

मग गोळीबार बघून पोरगं हिंसक होतं का? या प्रश्नावर अमेरिकेत चाळीसेक वर्षं भांडणं चालली आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. हिंसक गेम आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये सांगितलं की गंभीर गुन्ह्यांचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली असल्या वागण्याशी मात्र थोडा संबंध दिसतो. आरडाओरडा आणि ढकलाढकली. हे वाचून घराघरातल्या आया मान डोलावतील, कारण त्यांना रोज तेवढंच दिसतं.

हा आरडाओरडा कधी होतो, ते जरा बघा. बहुतेक वेळा जेवणाचं ताट वाढल्यावर. हे खेळ मध्येच थांबवून ठेवता येत नाहीत. बीजीएमआयमध्ये शंभर जण बेटावर उतरतात, खेळायची जागा आकसत जाते आणि एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. फ्री फायरचा डाव छोटा, साधारण दहा मिनिटांचा. मधून उठलं तर आपण मरतोच, शिवाय सोबत्यांनाही उघड्यावर टाकून जातो. "लगेच ठेव तो फोन" असं आई म्हणते, तेव्हा मुलाच्या कानात हेडफोनमधून तीन मित्र ओरडत असतात. त्यानं कुणाचं ऐकावं? चौदा वर्षांचं पोर मित्रांचंच ऐकणार.

सगळी गोम इथं आहे. स्क्वॉड चौघांचा असतो आणि बऱ्याचदा ते चौघे एकाच बोळातले, एकाच वर्गातले असतात. एका आईनं फोन काढून घेतला की तिचं पोर चौघांतून तुटतं आणि उरलेले तिघे पाचव्याला घेऊन खेळतात. ती आई घरात वाईट ठरते, दोन दिवसांत हरते आणि फोन परत देते. एकट्या घरानं ही लढाई जिंकायची कशी?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं ती एकट्या घरावर सोडलीच नाही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावानं ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. पुढाकार सरपंच विजय मोहिते यांचा. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त मास्तर घरोघरी फिरले, समजावत राहिले. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुलांचा फोन बंद झाला तेव्हा मोठ्यांच्या मालिकाही बंद झाल्या. वडील ओसरीवर रील बघत असताना मुलाला "अभ्यास कर" म्हणायची सोय तिथं उरली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी करून दंड ठेवला. तो मार्ग मला पटत नाही. दंडानं पोरगं लपून खेळायला शिकतं.

पेठेत ग्रामसभा नसते, मान्य. पण मंडळ असतं, कट्टा असतो, आणि कोण कुणाच्या घरी पडलेला असतो हे इथल्या आयांना पक्कं ठाऊक असतं.

खेळांच्या भीतीचा तर सोलापूरला जुना अनुभव आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये इथला चौदा वर्षांचा एक मुलगा घर सोडून पुण्याच्या एसटीत बसला आणि भिगवण पोलिसांनी त्याला उतरवून घेतलं. ब्लू व्हेल या ऑनलाइन खेळाच्या नावानं गावभर काहूर माजलं. २०१८ च्या सुरुवातीला केंद्रानं लोकसभेत सांगितलं, की देशात गाजलेल्या अशा घटनांमागे तो खेळ असल्याचा पुरावा मिळाला नाही. खेळाच्या नावाभोवती गलका झाला की मुलाला काय झालंय हे विचारायचं राहून जातं.

फोनमधली सोय थोडक्यात: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये वयाचा आकडा आणि पिन टाकून पॅरेंटल कंट्रोल लावता येतो, गूगल फॅमिली लिंकवरून रोजची वेळ बांधता येते. पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. अनोळखी माणसांशी बोलायचा व्हॉइस चॅट बंद करून फक्त ओळखीच्यांचा ठेवा. बंदुकीपेक्षा मला त्या अनोळखी आवाजांची धास्ती जास्त वाटते. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या हातात हे गेम नकोतच. झोप, शाळा, जेवण सगळंच सुटत चाललं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

विसर्जनानंतर लेझीम खुंटीला लागेल आणि संध्याकाळी सातची वेळ पुन्हा रिकामी होईल. त्याआधी तुमच्या पोराच्या स्क्वॉडमधले उरलेले तिघे कोण, ते विचारून घ्या. त्यांच्या आईवडिलांना घरी चहाला बोलवा आणि चारही घरांची एकच वेळ ठरवा.