चाकरमान्याची वंशावळ

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही जुन्या चाळीत शिरून "मूळ गाव कोणते?" असे विचारले तर बहुतेक घरांतून चटकन उत्तर मिळते. संगमेश्वर, देवगड, पाटण, जावळी, जुन्नर. पण लगेच पुढचा प्रश्न विचारावा : "मुंबईला पहिल्याने कोण आला? आजोबा की पणजोबा? एकटे आले की भावाबरोबर? त्या भावाची माणसे आज कुठे आहेत?" येथे घर गप्प होते. एखादी म्हातारी असली तर ती म्हणते, "मामंजींचे एक चुलते परळला होते म्हणे." या 'म्हणे'शी आमचा संबंध गेली कित्येक वर्षे येत आहे.

कामगार संघटनेच्या कचेरीत वंशावळ विचारायला कोणी येत नाही. माणसे येतात ती पैशांसाठी, घरासाठी, नाहीतर दाखल्यासाठी. आणि काम अडते ते वंशावळीशी. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला गिरणी कामगार अथवा त्याचा वारस पात्र ठरविला गेला आणि २०१२ पासून सोडती निघू लागल्या. तेव्हा डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या. गिरणीचा कागद सापडे. पण कागदावरचे नाव घरातल्या नावाशी जुळेना. तीच गत जातीच्या दाखल्याची. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सिद्ध करायचे की, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीतला अमुक इसम हा आपला पणजा. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्याआधी त्यांना कोणी चहासुद्धा विचारीत नव्हते.

हा गुंता मुळात झाला कसा, ते पाहू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले आणि त्याला माणसे पुरविली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने आणि घाटावरच्या सातारा-पुण्याने. पुरुष आला, बायको गावी राहिली. तो राहिला गावाच्या खोलीत, वीस-वीस गडी पाळीपाळीने निजत, जेवला खानावळीत. शिमगा-गणपतीला गावी गेला आणि थकल्यावर कायमचा परतला. त्यामुळे एकाच माणसाची दोन दप्तरे तयार झाली. मुंबईच्या दप्तरात तो एक तिकीट नंबर. गावच्या दप्तरात कोणाचा तरी मुलगा. ही दोन दप्तरे एकमेकांस कधी भेटली नाहीत. ती भेटवायची, एवढेच काय ते वंशावळीचे काम.

नावावर भिस्त ठेवून हे जमत नाही. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवतात. गणूचा तुकाराम, तुकारामाचा गणू, त्याचा पुन्हा तुकाराम. चार पिढ्या चालल्या तरी नावे दोनच. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतेच. 'तुकाराम बिन गणू' किंवा 'वलद गणू' एवढेच असते. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर 'कोम' किंवा 'जवजे', म्हणजे अमक्याची बायको. मुंबईत आल्यावर गिरणीच्या कारकुनाने आडनाव विचारले, तेव्हा एका भावाने घराण्याचे सांगितले आणि दुसऱ्याने गावाला 'कर' जोडून दिले. सख्खे भाऊ दोन आडनावांचे झाले. आणि त्याच गावचे, रक्ताचा काडीचा संबंध नसलेले दहाजण एका आडनावाचे झाले. जातीचा शिक्का पुसण्यासाठी ज्यांनी जाणूनबुजून गावावरून आडनाव घेतले, त्यांच्या घरी तर हा बदल अभिमानाचा आहे. पण वंशावळ मांडताना तो कोणत्या साली, कोणी केला, हे टिपून ठेवलेच पाहिजे.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधून दहा लाखांहून अधिक माणसे देशोधडीला लागली आणि त्यांतली पुष्कळशी बोस्टन-न्यूयॉर्ककडे गेली. त्यांचे पणतू आज मूळ शोधतात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच डोंगर असतो. त्यांच्या आडनावांतला 'मॅक' म्हणजे आपला 'बिन', आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची रीत तिथेही आहे. भरीस भर म्हणजे १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्यांची जवळजवळ सगळी पाने त्यात गेली. मग ते शोधतात कशावरून? एक, शेतसाऱ्याच्या कागदांवरून : ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात जमिनीची व घरांची आकारणी केली, त्यात प्रत्येक वाडीतले कूळ नावानिशी आहे. दुसरे, बोस्टनच्या 'पायलट' या पत्रात हरवलेल्या आप्तांसाठी लोक जाहिराती देत, त्यांवरून. त्या जाहिरातींत गाव, परगणा, भावंडे, जहाज, सगळे असे. आणि तिसरे, शेजाऱ्यांवरून. एकाच वाडीची माणसे परदेशातही एकाच गल्लीत राहात, एकमेकांच्या लग्नाला साक्षीदार उभी राहात. आपला माणूस सापडेना, तर त्याच्या साक्षीदाराचे गाव शोधायचे.

हा तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आमच्या गिरणगावाला तो अगदी तंतोतंत लागू पडतो. चाकरमानी एकटा कधी नव्हताच. त्याला कामाला लावणारा जॉबर बहुधा ओळखीतला, खोली गावाची, मंडळ गावाचे. रजेवर जाताना तो धाकट्या भावाला किंवा पुतण्याला आपल्या जागी 'बदली' लावून जाई. तेव्हा एका तुकारामाच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या खोलीतल्या सगळ्यांची यादी करावी.

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही रचलेले आहे, पण त्यातला पेच कचेरीत नेहमी येणारा आहे. डोंबिवलीच्या एका घराजवळ १९३८ सालचा गिरणीचा कागद आहे : तुकाराम गणू, तालुका संगमेश्वर, वय २६. गावी तपास केला तर वाडीत गणू नावाचे दोघे निघाले आणि दोघांनाही तुकाराम नावाचा मुलगा होता. एक १९०९ चा, एक १९१२ चा. वयाचा हिशेब केला तर दुसरा जुळतो आणि घरातली माणसे तेथेच थांबतात. थांबू नये. त्या काळी कामगाराला जन्मदाखला कोण विचारीत होते? कारकुनाने तोंड पाहून वय घातले. आता पुढे पाहा. पहिला गणू १९३१ साली वारला. तलाठ्याच्या वारस नोंदीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, त्याचे दोन वारस आहेत : तुकाराम, आणि अज्ञान बाळू, 'अ.पा.क. आई'. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दुसऱ्या गणूच्या वारसांत बाळू नाही. आणि १९५४ साली गिरणीत भरलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशन पत्रावर बायकोच्या नावाखाली साक्षीदार म्हणून सही आहे, 'बाळू गणू, भाऊ'. म्हणजे आपला तुकाराम वयाने न जुळणारा, १९०९ चा. तुकारामाची ओळख पटली ती बाळूवरून.

येथे खातेनिहाय चौकशीत मिळालेले शिक्षण आम्हाला उपयोगी पडते. साक्षीदाराला जसे विचारतात, तसे कागदालाही विचारावे : तू कधी लिहिला गेलास, तुला ही गोष्ट कोणी सांगितली, आणि खोटे बोलण्यात तुझा फायदा काय? १९४३ साली मुंबईत रेशन सुरू झाले. त्या कार्डांवर खोलीतला गाववाला 'पुतण्या' म्हणून चढला असेल, तर नवल नाही. धान्य त्यावर होते. ते कार्ड मुक्कामाचा चांगला पुरावा आहे, नात्याचा कच्चा. उलट बाळूच्या सहीने त्याला काहीच मिळणार नव्हते. म्हणून ती भारी.

सातबाराकडे तर फार सावधपणे पाहावे. जमिनीवर थोरल्या भावाचे नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्याचा अर्थ. ही अक्षरे जिथे आहेत तिथे त्या एका नावामागे मुंबईला असलेले दोन-तीन भाऊ दडलेले असू शकतात. पुढे कोणीतरी उतारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरे गळतात आणि मुंबईकर भावांची मुले आपल्याच गावात परकी होतात. म्हणून चालू उताऱ्यावर न थांबता फेरफार, म्हणजे नमुना ६, मागेमागे वाचीत जावे. कोकणात खोती होती. १९४९ च्या कायद्याने ती गेली. त्यापूर्वीच्या कुळांची नावे खोती गावांच्या बोटखतात सापडतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळे मालक झाली, त्या वेळी गावी राहून कसणाऱ्याचे नाव लागले आणि गिरणीत घाम गाळून त्याच शेतासाठी मनीऑर्डर पाठविणाऱ्याचे पुष्कळदा राहून गेले. याचे आम्हाला आजही वाईट वाटते. पण वंशावळीपुरते एवढेच की, उताऱ्यावर नाव नाही म्हणून नाते नाही, असे समजू नये.

जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पुष्कळ पाने मोडीत आहेत. त्यांत शोध घेताना मुंबईच्या घडामोडींची साले मनाशी ठेवावीत. १८९६ च्या प्लेगात मुंबईतून लोक गावोगाव पळाले. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला, तेव्हाही खोल्या रिकाम्या झाल्या. अशा वेळी गावी आलेल्या गड्याची नोंद, त्याच्या लेकराची नोंद गावच्या दप्तरात अवचित भेटते. जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत : मालवण, देवगड १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, 'दक्षिण सातारा' म्हणजे आजचा सांगली, 'कुलाबा जिल्हा' म्हणजे रायगड.

बायकांचे कोडे सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षिलेले. लग्नात नाव बदलण्याची रीत. माहेरची काशी सासरी लक्ष्मी होते आणि कागदावर ती दोन बाया बनते. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका होत्या, त्यांत विधवा कितीतरी. त्यांच्या नातवंडांना आजी गिरणीत होती हे ठाऊक असते, कोणत्या नावाने होती हे ठाऊक नसते. वंशावळीचे छापील नमुने पाहा : बाप, आजा, पणजा. सासुरवाशिणीला चौकटच नाही. वास्तविक दोन तुकाराम वेगळे करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे त्यांच्या बायकांची माहेरे विचारणे. नवऱ्यांची नावे एक असतील, बापांची एक असतील. पण माहेरचे गाव आणि भावाचे नाव दोघींचे एकच असणे विरळा.

मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांची गोष्ट या बाबतीत बोधक आहे. १८३४ पासून तेथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणचे मराठी लोक होते. पूर्वजाचे पहिले नावच तेथे पुढे आडनाव झाले, त्यामुळे नावावरून माग लागणे कठीण. पण उतरल्याबरोबर प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि त्याच्यापुढे बापाचे नाव, गाव, जहाज लिहिले जाई. हे दप्तर आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. माणसाला नंबर देणे हे मालकशाहीचे काम, आम्हाला ते कधी रुचले नाही; पण त्या नंबरानेच आज पणतूला पणजा भेटतो. घरात गिरणीचे जुने तिकीट असेल तर ते म्हणून जपावे.

कागदाबाहेरचाही पुरावा असतो. भावकी कोण, हे सुतकावरून कळते. कोण कोणाचे दहा दिवस पाळतो, कोणत्या घराशी सोयरीक होत नाही, कुलदैवत व देवक कोणते, शिमग्यात पालखी कोणत्या घरानंतर कोणत्या घरी जाते, हे विचारावे. 'काका', 'मामा' या हाकांवर मात्र विसंबू नये. चाळीत सगळेच काका असतात. घाटावरच्या घरांना आणखी एक आधार आहे. बेळगावकडचे हेळवी नंदी घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्यांनी स्वतः सांगितलेली नाती आहेत, भाऊ-पुतण्यांसकट. त्या वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात. म्हणून जाताना गाव पक्के ठाऊक हवे.

आणि एवढे करूनही एखादा दुवा जुळत नाही. मग तो जुळविण्याचा मोह टाळावा. वंशावळीत तेथे तुटक रेघ ओढावी आणि शेजारी कारण लिहावे. घाईने सरळ ओढलेली रेघ पुढे प्रतिज्ञापत्रात जाते आणि एका घराची चूक दहा घरांच्या दाखल्यांत शिरते.

मे महिना तोंडावर आहे. चाकरमानी गावी निघतील. जाताना एक दोनशे पानी वही न्यावी; डाव्या पानावर ऐकलेले लिहावे, सांगणाऱ्याच्या नावासह, आणि उजव्यावर कागदात पाहिलेले, तारखेसह. तलाठी कार्यालयाच्या आधी वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जावे; कार्यालय नंतरही असते. तिला पणजोबांबद्दल एकदम विचारू नये. तिचे माहेर विचारावे, मग जावांची माहेरे, मग मुंबईहून मनीऑर्डर कोणाची येई आणि ती घ्यायला अंगठा कोण उठवी.